पॉडमन: रूटशिवाय ॲप बांधणं, चालवणं आणि नेमकं कुठे अडतं

रात्रपाळी

डॉकर आणि पॉडमन ही दोन्ही साधनं ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात ('इमेज') बांधतात आणि त्यातून ते बाकी मशीनपासून वेगळं ('कंटेनर') चालवतात. डॉकरवर मराठीत थोडंफार सापडतं, पॉडमनवर फारसं काही दिसत नाही. म्हणून एकच उदाहरण धरून पहिल्या बिल्डपासून रीबूटनंतर आपोआप उठण्यापर्यंत सगळं इथे एकत्र करू या. उदाहरण असं: सोसायटीच्या देखभाल पावत्या काढणारं जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) ॲप, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, एचटीएमएलची पीडीएफ करायला वीझीप्रिंट. मशीन २ जीबी रॅमचं, त्यावर डेबियन १३. ॲपसाठी 'पावती' नावाचा साधा युजर, त्याला सुडो नाही, म्हणजे रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) हक्क वापरता येत नाहीत. कमांडी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

सगळ्यात आधी 'पॉडमन --व्हर्जन' बघा. उबुंटू २२.०४ मध्ये ३.४, डेबियन १२ मध्ये ४.३, उबुंटू २४.०४ मध्ये ४.९ आणि डेबियन १३ मध्ये ५.४ आहे. हा फरक वरवरचा नाही. सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस बनवून देणारं क्वाडलेट ४.४ पासून आलं. रूटशिवाय चालणाऱ्या कंटेनरचं नेटवर्क ५.० पासून पास्ता या साधनावर गेलं, त्याआधी स्लर्प हे साधन होतं. नेटवरचा एखादा लेख वाचून 'माझ्याकडे हे चालतच नाही' असं वाटलं, तर आधी लेखातली आवृत्ती आणि आपली आवृत्ती ताडून पाहा.

इन्स्टॉल करताना 'शिफारस केलेली पॅकेजेस नकोत' हा पर्याय देऊ नका. तो दिला की यूआयडीमॅप पॅकेज येत नाही आणि पहिल्याच रनला 'न्यूयूआयडीमॅप सापडत नाही' म्हणून एरर येते. त्यानंतर /ईटीसी/सबयूआयडी आणि /ईटीसी/सबजीआयडी या दोन फायली उघडून आपल्या युजरची ओळ आहे ना, ते पाहा. ओळ अशी दिसते: पावती:१०००००:६५५३६. नसेल तर रूटकडून 'युजरमॉड --ॲड-सबयूआयडीज' आणि '--ॲड-सबजीआयडीज' वापरून घाला, मग पावती युजरने 'पॉडमन सिस्टम मायग्रेट' चालवा. हे शेवटचं राहिलं तर जुनंच मॅपिंग (कंटेनरच्या आतल्या आणि बाहेरच्या युजर क्रमांकांची जुळणी) चालू राहतं आणि फाइल बरोबर असूनही एरर हटत नाही.

काजवा

उत्तम धागा. एक मूलभूत प्रश्न: डॉकर सगळीकडे आहे, कमांडीही त्याच. मग पॉडमन कशासाठी?

रात्रपाळी

डॉकरची नेहमीची मांडणी म्हणजे रूटने चालणारा एक डेमन (सतत मागे चालू असलेली सेवा) आणि त्याच्याशी सॉकेटवरून बोलणारी कमांड. ज्याला 'डॉकर' ग्रुपमध्ये घातलं, त्याला व्यवहारात रूटच दिलं, कारण तो होस्टची (ज्या मशीनवर कंटेनर चालतो त्याची) मूळ डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करून, म्हणजे आत जोडून, काहीही बदलू शकतो. पॉडमनला मधला डेमन नाही. कमांड थेट कंटेनर सुरू करते, कॉनमॉन नावाची एक छोटी प्रोसेस त्याच्यावर लक्ष ठेवते, आणि हे सगळं तुमच्याच युजरच्या हक्कांत चालतं. डॉकरलाही रूटलेस मोड आहे, पण तो वेगळा बसवावा लागतो. पॉडमनमध्ये साध्या युजरने कमांड दिली की तेच मिळतं.

सुतारपक्षी

त्या ६५५३६ चा हिशोब कळला की परवानग्यांच्या निम्म्याहून जास्त भानगडी सुटतात. तो एकदा नीट मांडतो.

समजा होस्टवर पावती युजरचा क्रमांक १००१ आहे. कंटेनरच्या आतला ० (म्हणजे आतला रूट) बाहेर १००१ असतो. आतला १ बाहेर १०००००, आतला २ बाहेर १००००१, असं पुढे चालतं. सूत्र: बाहेरचा = १००००० + आतला − १. पोस्टग्रेसच्या डेबियनवर बेतलेल्या इमेजमध्ये पोस्टग्रेस युजर ९९९ आहे. म्हणजे डेटा फायली होस्टवर १००९९८ च्या नावावर दिसतील. अल्पाइनच्या इमेजमध्ये तोच युजर ७० असतो, मग बाहेर १०००६९. 'एलएस -एलएन' मारलं की हे आकडे समोर दिसतात.

म्हणूनच होस्टवरची डिरेक्टरी माउंट केली की 'परमिशन डिनाइड' येतं. डिरेक्टरी १००१ ची, आत लिहिणारा १००९९८. इथे लोक ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) करून मोकळे होतात, ते करू नका. पोस्टग्रेस डेटा डिरेक्टरीची परवानगी ७०० किंवा ७५० सोडून दुसरी असेल तर चालूच होत नाही. बरोबर उपाय: 'पॉडमन अनशेअर चाऊन -आर ९९९:९९९ ./डेटा'. अनशेअर तुम्हाला त्याच मॅपिंगच्या आत नेऊन कमांड चालवतं, त्यामुळे आकडा आतला द्यायचा आणि सुडो लागत नाही. माउंटच्या शेवटी कॅपिटल यू लावला तर पॉडमन हेच स्वतः करतं, पण फायली लाखांत असतील तर दर सुरुवातीला वेळ खातं.

तुमच्याच कोडवर काम चालू असेल आणि आत तयार झालेल्या फायली बाहेर तुमच्याच नावावर हव्या असतील, तर '--युजरएनएस=कीप-आयडी'. डेटाबेससाठी मात्र सरळ नेम्ड व्हॉल्यूम (पॉडमन स्वतः सांभाळतं ती, नाव दिलेली डेटाची जागा) घ्या, हा हिशोबच करावा लागत नाही.

तळटीप

त्याच हिशोबाची दुसरी बाजू. एखाद्या इमेजमध्ये ६५५३६ च्या वरच्या क्रमांकाच्या नावावर फाइल असेल, तर इमेज ओढतानाच 'पुरेसे यूआयडी नाहीत' अशा अर्थाची एरर येते. डिस्क भरलेली नसते, नेटही नीट असतं. कंपन्यांच्या लॉगिन डिरेक्टरीतून आलेले लांबलचक युजर क्रमांक घेऊन कोणी इमेज बांधली की हे हमखास होतं. इमेज आपलीच असेल तर बांधताना फायलींची मालकी बदला. दुसऱ्याची असेल तर सबयूआयडीची रेंज वाढवा.

आणि फेडोरा किंवा रेड हॅटवाल्यांसाठी: आकडे बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' येत असेल तर ते एसईलिनक्सचं (फायलींवरच्या लेबलांनुसार प्रवेश ठरवणारी जादा सुरक्षा यंत्रणा) लेबल. माउंटच्या शेवटी लहान झेड लावला तर ती डिरेक्टरी अनेक कंटेनरना वापरता येते, कॅपिटल झेड लावला तर फक्त त्या एकाला. कॅपिटल झेड आख्ख्या होम डिरेक्टरीवर कधीही लावू नका. सगळ्या फायलींची लेबलं बदलतात आणि मग एसएसएचच्या किल्ल्याही वाचता येत नाहीत.

रात्रपाळी

आता बांधणी. फाइलचं नाव कंटेनरफाइल ठेवा किंवा डॉकरफाइल, पॉडमन दोन्ही ओळखतं. बिल्डचं काम आतून बिल्डाह करतं.

पहिली ओळ: फ्रॉम डॉकर.आयओ/लायब्ररी/पायथन:३.१२-स्लिम. पत्ता पूर्ण लिहा. नुसतं 'पायथन' लिहिलंत तर कोणत्या रजिस्ट्रीत (इमेजच्या भांडारात) शोधायचं ते रजिस्ट्रीज.कॉन्फ फाइल ठरवते, आणि ती मशीनगणिक वेगळी असते. टॅग 'लेटेस्ट' नको. आज आणि सहा महिन्यांनी त्याच नावाखाली वेगळी इमेज येईल.

दोन टप्पे करा. पहिल्यात जीसीसी (कंपायलर) आणि लिबपीक्यू-डेव्ह घालून /ऑप्ट/व्हेन्व्ह या पायथनच्या स्वतंत्र डिरेक्टरीत सगळ्या पायथन लायब्रऱ्या बसवा. दुसरा टप्पा पुन्हा स्वच्छ स्लिम इमेजपासून, त्यात फक्त ते व्हेन्व्ह कॉपी. कंपायलर अंतिम इमेजमध्ये जातच नाही. पण दुसऱ्या टप्प्यात लिबपीक्यू५ (पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी) घालायला विसरू नका. बिल्ड निमूट पार पडतं आणि ॲप सुरू करताना 'लिबपीक्यू.एसओ.५ उघडता येत नाही' म्हणून आडवं होतं.

क्रम महत्त्वाचा. आधी फक्त रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी कॉपी, मग पिप इन्स्टॉल, आणि सगळ्यात शेवटी उरलेला कोड. कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी कॉपीची ओळ आणि तिच्याखालचं सगळं पुन्हा चालतं. पिप इन्स्टॉल कोडच्या खाली असेल तर प्रत्येक बिल्डला सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरतात.

ॲप्ट अपडेट आणि ॲप्ट इन्स्टॉल एकाच रन ओळीत हवेत, आणि याद्या पुसणंही त्याच ओळीत. बिल्डमधल्या अशा प्रत्येक ओळीचा इमेजमध्ये वेगळा थर (लेयर) बनतो, म्हणून वेगळ्या ओळीत पुसलं तर वरच्या लेयरमध्ये फक्त 'पुसलं' अशी खूण पडते, खालचा लेयर इमेजमध्ये तसाच राहतो आणि आकार घटत नाही. पासवर्डचंही तेच: एका ओळीत कॉपी करून पुढच्या ओळीत पुसलेली .एनव्ह फाइल इमेजमधून सहज काढता येते. .कंटेनरइग्नोरमध्ये .गिट, .एनव्ह, मीडिया आणि लोकल व्हेन्व्ह लिहून टाका.

आडवाटा

पासवर्ड 'आर्ग' (बिल्डला बाहेरून दिलेली किंमत) मधूनही देऊ नका. 'पॉडमन हिस्टरी' मारलं की तो उघडा दिसतो. बिल्डपुरती किल्ली लागत असेल तर रन ओळीतच सीक्रेट माउंट करता येतं, ते लेयरमध्ये उरत नाही. चालवतानाच्या पासवर्डासाठी 'पॉडमन सीक्रेट क्रिएट'.

एक गोष्ट पॉडमनची खास. त्याची इमेज मुळात ओसीआय या प्रमाण साच्यात बनते आणि त्या साच्यात हेल्थचेकची (ॲप नीट चालू आहे का ते अधूनमधून तपासणारी कमांड) जागाच नाही. कंटेनरफाइलमध्ये हेल्थचेकची ओळ असली तरी ती गळून जाते, फक्त बिल्डमध्ये एक इशारा सरकून जातो. हवी असेल तर '--फॉरमॅट डॉकर' देऊन बिल्ड करा, नाहीतर चालवताना '--हेल्थ-सीएमडी' द्या.

पाणवठा

पावत्यांचं उदाहरण आहे म्हणून विचारते. लॅपटॉपवर पीडीएफ छान येते, कंटेनरमधून काढली की सगळ्या देवनागरीच्या जागी चौकोन. एनकोडिंग यूटीएफ-८ च आहे, दोनदा तपासलं.

सुतारपक्षी

पाणवठा, एनकोडिंग चुकलं असतं तर चौकोनांऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली असती. चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. स्लिम इमेजमध्ये एकही फॉन्ट नसतो, लॅपटॉपवर तो आधीपासून असतो म्हणून तिथे कळत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या ॲप्ट ओळीत फॉन्टकॉन्फिग आणि फॉन्ट्स-लोहित-देवा घाला. हे पॅकेज छोटं आहे. नोटो हवा असेल तर फॉन्ट्स-नोटो-कोअर, पण त्यात जगभरच्या लिप्या येतात, इमेज फुगते. त्यापेक्षा नोटो सॅन्स देवनागरीची टीटीएफ फाइल थेट /यूएसआर/शेअर/फॉन्ट्समध्ये कॉपी करा आणि 'एफसी-कॅश -एफ' चालवा.

तपासायला: 'पॉडमन रन --आरएम पावती:१.४ एफसी-लिस्ट :लँग=एमआर'. काहीच छापलं नाही तर मराठी येणारा फॉन्ट आत नाही. ही तपासणी बिल्डच्या शेवटीच एक रन ओळ म्हणून घालून ठेवली तर उत्तम: यादी रिकामी असेल तर बिल्डच पडू द्या. फक्त एफसी-लिस्टच्या एक्झिट कोडवर विसंबू नका, आउटपुट ग्रेपकडे (मजकूर शोधणारी कमांड) पाठवून तपासा.

एचटीएमएलच्या वरच्या टॅगमध्ये भाषा 'एमआर' लिहा. फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ची मराठी वळणं असली तरी भाषा सांगितल्याशिवाय ती उमटत नाहीत, हिंदी वळणं येतात. पावतीवर 'शिल्लक' हा शब्द पाहा, लगेच कळेल. वीझीप्रिंट अक्षरजुळणी पॅन्गोकडून करून घेतं, त्यामुळे जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी जागेवर येतात. त्यासाठी लिबपॅन्गो-१.०-० आणि लिबपॅन्गोएफटी२-१.०-० ही पॅकेजेस अंतिम टप्प्यात हवीत.

तळटीप

पावतीवरची तारीखही पाहा. कंटेनर यूटीसीवर चालतो. रात्री साडेबारा वाजता काढलेल्या पावतीवर आदल्या दिवशीची तारीख पडते, आणि ३१ मार्चच्या रात्री त्यामुळे आर्थिक वर्षच चुकतं. चालवताना '--टीझेड=एशिया/कोलकाता' द्या आणि जँगोच्या सेटिंगमध्येही तोच टाइमझोन लिहा. दोन्ही हवेत.

पोस्टग्रेसमध्ये सभासदांची यादी नावानुसार लावताना कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) 'सी' असेल तर क्रम युनिकोडच्या आकड्यांनी लागतो, आणि तिथे 'ळ' हे 'ल' आणि 'व' च्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ते 'ह' नंतर. ऑर्डर बाय करताना 'एमआर-एक्स-आयसीयू' कोलेशन द्या. आणि चालू डेटा तसाच ठेवून डेबियनची इमेज बदलून अल्पाइनची करू नका. दोघांच्या सी लायब्ररी वेगळ्या, अक्षरक्रम वेगळा. टेक्स्टवरचे इंडेक्स गुपचूप चुकीचे होतात. बदललीच तर रीइंडेक्स करावंच लागेल.

रात्रपाळी

आता चालवणं. आधी नेटवर्क: 'पॉडमन नेटवर्क क्रिएट पावतीजाळं'. अर्थात नाव रोमनमध्ये. ही पायरी गाळू नका. पॉडमनच्या मूळ नेटवर्कवर कंटेनर एकमेकांना नावाने सापडत नाहीत, आपण तयार केलेल्या नेटवर्कवर सापडतात. ॲपच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा होस्ट 'लोकलहोस्ट' ठेवला तर तो ॲपचा स्वतःचा कंटेनर, तिथे पोस्टग्रेस नाहीच. दोन्ही एका पॉडमध्ये (कंटेनरच्या गटात) घातले तर मात्र लोकलहोस्ट चालतं, कारण पॉडमधले कंटेनर एकच नेटवर्क वाटून घेतात. पॉड केलात तर पोर्ट पॉडला द्यायचा, कंटेनरला नाही.

पोर्ट दिला, कंटेनर चालू आहे, तरी ब्राउझर जोडत नाही, असं झालं तर गनिकॉर्न (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) कुठे ऐकतोय ते पाहा. मुळात तो १२७.०.०.१:८००० वर बसतो, म्हणजे कंटेनरच्या आतच. '--बाइंड ०.०.०.०:८०००' द्या. साध्या युजरला १०२४ च्या खालचा पोर्ट मिळत नाही, म्हणून ८०८० वर चालवून पुढे इंजिनेक्स हा वेब सर्व्हर ठेवा.

कंटेनरफाइलमधली सीएमडीची ओळ (कंटेनर सुरू होताना चालणारी कमांड) चौकटी कंसात, प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात लिहा. साधी लिहिली तर मध्ये शेल येतं, ते पहिल्या क्रमांकाची प्रोसेस बनतं आणि थांबण्याचा सिग्नल पुढे देत नाही. परिणाम: 'पॉडमन स्टॉप' बरोबर १० सेकंद थांबून मग ठार करतं आणि एक्झिट कोड १३७ येतो. पावती अर्धी लिहून झालेली असेल तर तिथेच तुटते. सिग्नल ॲपपर्यंत पोचला तर ते हातातलं काम उरकून शांतपणे बंद होतं.

आडवाटा

१३७ नेहमी त्याचाच नसतो. १२८ + ९ म्हणजे सिगकिल, आणि मेमरी संपली तरी कर्नल तोच पाठवतो. 'पॉडमन इन्स्पेक्ट' मध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपल्याने ठार) ट्रू आहे का बघा. ५०० पानांची एकत्र पीडीएफ काढताना वीझीप्रिंट बरीच मेमरी घेतं, २ जीबीच्या मशीनवर पावत्या तुकड्यांनी काढा. बाकी कोड: १२५ म्हणजे पॉडमनचीच तक्रार (चुकीचा पर्याय, पोर्ट व्यापलेला), १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवता येत नाही, १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. एंट्रीपॉइंटची स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असून 'नो सच फाइल' येत असेल तर ती विंडोजवर सेव्ह झाली आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी सीआर (कॅरेज रिटर्न) हे न दिसणारं अक्षर चिकटलंय, त्या नावाचं शेल कुठेच नाही. मॅकच्या एम चिपवर बांधून इंटेलच्या सर्व्हरवर नेलं तर 'एक्झेक फॉरमॅट एरर', त्याला '--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४'.

काजवा

सगळं उभं राहिलं, पण एसएसएचमधून बाहेर पडलं की कंटेनर बंद. '--रीस्टार्ट=ऑलवेज' दिलं आहे.

रात्रपाळी

लॉगआउट झालं की सिस्टमडी त्या युजरच्या सगळ्या प्रोसेस गुंडाळतं. लॉगआउटनंतरही त्या चालू राहाव्यात म्हणून रूटकडून एकदाच 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर पावती' चालवा. रीबूटनंतरही उठायला हवं असेल तर रीस्टार्टच्या पर्यायावर न थांबता क्वाडलेट करा.

~/.कॉन्फिग/कंटेनर्स/सिस्टमडी या डिरेक्टरीत पावती.कंटेनर फाइल बनवा. कंटेनर विभागात इमेज, कंटेनरनेम, पब्लिशपोर्ट, नेटवर्क, व्हॉल्यूम, सीक्रेट. सर्व्हिस विभागात रीस्टार्ट=ऑलवेज आणि टाइमआउटस्टार्टसेक=९००, कारण नेहमीची मुदत ९० सेकंदांची, आणि नेट संथ असेल तर तेवढ्यात इमेजही उतरत नाही. इन्स्टॉल विभागात वाँटेडबाय=डिफॉल्ट.टार्गेट. मग 'सिस्टमसीटीएल --युजर डेमन-रीलोड' आणि स्टार्ट. 'इनेबल' करायला जाऊ नका, एरर येते. युनिट (सर्व्हिसची सिस्टमडीमधली फाइल) क्वाडलेटने आपोआप तयार केलेलं असल्यामुळे वाँटेडबायची ओळच ते काम करते.

कंटेनरनेम लिहिलं नाही तर नाव 'सिस्टमडी-पावती' असं पडतं आणि ॲपला डेटाबेस नावाने सापडेनासा होतो. रीलोडनंतर 'युनिट सापडत नाही' आलं, तर फाइलमध्ये शब्द चुकला आहे. /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-जनरेटर्स/पॉडमन-सिस्टम-जनरेटर ही फाइल '--युजर --ड्रायरन' लावून चालवा, कोणती ओळ चुकली ते छापते.

'एसयू' करून पावती युजरमध्ये शिरलात तर 'सिस्टमसीटीएल --युजर' बसशी (सिस्टमडीशी बोलण्याच्या मार्गाशी) जोडता येत नाही म्हणतं. एसएसएचनेच या, किंवा 'मशीनसीटीएल शेल पावती@'.

सुतारपक्षी

क्वाडलेट वापरणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. त्याचे कंटेनर सर्व्हिस थांबली की पुसले जातात. म्हणजे देखभालीसाठी डेटाबेसची सर्व्हिस थांबवली, त्याच वेळी जागा मोकळी करायला 'पॉडमन व्हॉल्यूम प्रून' किंवा 'सिस्टम प्रून --व्हॉल्यूम्स' मारलं, तर तो व्हॉल्यूम कोणाच्याच वापरात नाही असं पॉडमनला दिसतं आणि आख्खा डेटा जातो. ४ आणि ५ या आवृत्त्यांत नेम्ड व्हॉल्यूमही त्यात उडतात. जागा कुठे गेली ते 'पॉडमन सिस्टम डीएफ' ने पाहा, आणि पुसायचं तर फक्त 'पॉडमन इमेज प्रून'.

पाणवठा

फॉन्टचं काम झालं, 'शिल्लक' मराठी वळणात आलं. आभार. बॅकअप 'पॉडमन एक्झेक -आयटी डीबी पीजीडंप -एफसी' असा घेऊन फाइलमध्ये वळवलाय. रिस्टोअर करून पाहिला तर फाइल खराब म्हणतं.

आडवाटा

'-टी' काढा. त्याने टर्मिनल जोडलं जातं, आणि टर्मिनल प्रत्येक नव्या ओळीच्या आधी सीआर घालतं. साध्या मजकुरात ते खपून जातं, -एफसीचा डंप बायनरी असतो, तो बिघडतो. क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) घेताना '-आय' चीही गरज नाही. रिस्टोअर करताना मात्र '-आय' लागतं, कारण फाइल आत ढकलायची असते. तिथेही '-टी' नको.

आधी घेतलेले सगळे डंप बाद समजा आणि आजच एक नवा घ्या. 'पीजीरिस्टोअर --लिस्ट' ने यादी वाचता आली म्हणून थांबू नका, ती फक्त सुरुवातीचा भाग वाचते. वेगळ्या नावाचा रिकामा डेटाबेस करून त्यात पूर्ण उतरवा आणि पावत्यांच्या टेबलातल्या ओळी मोजून ताडून पाहा.

तळटीप

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलतानाही हाच डंप कामी येतो. १७ चा डेटा १८ च्या इमेजला माउंट करून चालत नाही. शिवाय १८ पासून अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूमची जागा बदलली आहे: आधी /व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल/डेटा होती, आता /व्हार/लिब/पोस्टग्रेस्क्यूएल. नवा व्हॉल्यूम बनवा, डंप त्यात उतरवा, जुना व्हॉल्यूम निदान एक महिना ठेवा. पोस्टग्रेस पासवर्डचं एनव्हायरनमेंट व्हेरिएबल फक्त रिकाम्या व्हॉल्यूमवर पहिल्यांदा सुरू होताना वाचलं जातं. नंतर ते बदलून काही होत नाही, पासवर्ड आतून 'आल्टर युजर' नेच बदलायचा.